लॉर्ड रिपन आणि स्वराज्याची पहिली शाळा



इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक गाळलेली जागा हमखास असते : 'भारतातील स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक —'. मुले डोळे मिटून 'लॉर्ड रिपन' असे लिहितात आणि एक गुण पदरात पाडून घेतात. विद्यार्थी असताना मीही तो गुण असाच मिळवला. हा रिपन कोण, त्याने नेमके काय दिले आणि दिलेले सगळे आपल्यापर्यंत पोहोचले की वाटेतच अडले, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही आणि कोणी विचारलाही नाही.

शिक्षक झाल्यावर मात्र एका प्रसंगाने मला तो पडला. एका पावसाळ्यात आमच्या भागातील एक चाचा माझ्याकडे आले. त्यांच्या नातीच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिका बदलून गेल्या होत्या आणि जागा कित्येक महिने रिकामी होती. चाचा म्हणाले, "मास्तर, दिल्लीला एक अर्ज लिहून द्या." मी विचारले, "चाचा, आपल्या गटातून जिल्हा परिषदेवर कोण निवडून गेले आहे?" त्यांना पंतप्रधानांचे नाव ठाऊक होते, खासदारांचेही होते. जिल्हा परिषदेच्या सदस्याचे नव्हते. अर्ज कोठे द्यायचा हे समजावण्यात अर्धा तास गेला. पण ही परिषद आली कोठून, हे सांगायचे राहून गेले. ते आज या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो.

जॉर्ज फ्रेडरिक सॅम्युएल रॉबिन्सन, म्हणजेच पुढचे लॉर्ड रिपन, यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८२७ रोजी लंडनच्या १०, डाउनिंग स्ट्रीट येथे झाला. वडील त्या वेळी इंग्लंडचे पंतप्रधान होते. अशा घरचा मुलगा सत्तेच्या मार्गाला लागला यात नवल नाही. नवल पुढे आहे. १८७४ मध्ये, मंत्रिपदे भूषवून झाल्यावर, या गृहस्थाने रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. त्या काळच्या प्रॉटेस्टंट इंग्लंडात ही लहान गोष्ट नव्हती. कॅथलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळाला तोच मुळी १८२९ साली. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. अशा माणसावर राष्ट्राने विश्वास कसा ठेवायचा, असे उघड विचारले गेले. १८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना हिंदुस्थानचे व्हाइसरॉय नेमले तेव्हाही तोच ओरडा झाला. स्वतःच्या देशात अल्पसंख्य ठरलेला आणि निष्ठेबद्दल प्रश्न विचारला गेलेला हा मनुष्य आपल्याकडे आला, हे लक्षात ठेवावे. त्यांच्या सगळ्या धोरणाचे मूळ यात आहे असा दावा मी करणार नाही. पण हा तपशील पाठ्यपुस्तकात नसतो आणि तो असावा असे मला वाटते.

त्यांच्या आधीचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला होता. त्यातून सुटण्यासाठी कलकत्त्याची 'अमृतबझार पत्रिका' एका रात्रीत बंगालीची इंग्रजी झाली, कारण कायदा इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. आपला 'केसरी' जानेवारी १८८१ मध्ये निघाला तो याच कायद्याच्या छायेत. रिपन यांनी १८८२ मध्ये तो रद्द केला. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदाही त्यांच्याच काळातला : सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास बंदी, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा. आज हे वाचून अंगावर काटा येतो. नऊ तास ही सुधारणा होती! या कायद्यामागे मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा सलणाऱ्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही रेटा होता, हे विसरून चालणार नाही.

पण रिपन यांचे खरे काम १८ मे १८८२ च्या ठरावात आहे.

त्यापूर्वी आपल्याकडे नगरपालिका नव्हत्या असे नाही. मुंबई शहराने १८७२ च्या कायद्यानुसार काही नगरसेवक निवडून देण्यास सुरुवात केली होती. इतरत्र मात्र बहुतेक नगरपालिका म्हणजे कलेक्टरसाहेबांची कचेरी, आणि सभासद म्हणजे साहेबांनी बोलावलेले प्रतिष्ठित. खेड्यापाड्यांतून 'लोकल फंड' गोळा होई. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेतला जाई. त्यातले दोन हिस्से रस्त्यांसाठी आणि एक हिस्सा शाळांसाठी. आणा शेतकऱ्याचा, पण तो कोठे खर्च व्हावा हे विचारण्याचा हक्क त्याला नव्हता.

ठरावाने सांगितले की तालुक्याएवढ्या आटोपशीर क्षेत्रासाठी मंडळे नेमावीत, म्हणजे सभासदाला आपला रस्ता आणि आपली शाळा ठाऊक असेल. मंडळात सरकारी अंमलदार एक तृतीयांशाहून अधिक नसावेत. शक्य तेथे सभासद निवडून यावेत. अध्यक्षही शक्यतो बिनसरकारी असावा. सरकारने देखरेख बाहेरून करावी, आत बसून हुकूम सोडू नयेत. आणि हे कशासाठी? कारभार सुधारावा हा मुख्य हेतू नाही, असे ठराव स्पष्ट सांगतो. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा मुख्य हेतू. सुरुवातीला पुष्कळ चुका होतील हेही त्यात गृहीत धरले होते.

वाचकहो, या ठिकाणी मी शिक्षक म्हणून थांबतो. बी. एड. च्या वर्गात आम्हाला शिकवले होते की मुलाच्या हातून चूक होऊ न देणारा शिक्षक मुलाला काहीच शिकवत नाही. सरकारी ठरावांच्या रुक्ष भाषेत हेच तत्त्व सापडल्यावर मला आश्चर्य वाटले. रिपन हिंदुस्थानला स्वातंत्र्य द्यायला निघाले होते असा मात्र कोणी गैरसमज करून घेऊ नये. इंग्रजी शिकलेला वर्ग वाढतो आहे, त्याला काही वाट करून दिली नाही तर राज्य धोक्यात येईल, असा त्यांचा हिशेब होता. शिवाय शाळा, दवाखाने, गटारे यांचा खर्च स्थानिक करांवर टाकला की सरकारी तिजोरीवरचा भार हलका होतो, हाही लाभ होताच.

आता अंमलबजावणीचे ऐका. मुंबई सरकारला हा ठराव मुळीच रुचला नाही. त्या वेळचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन आणि त्यांचे अधिकारी यांचे म्हणणे असे की लोक अजून तयार नाहीत. १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा आणि जिल्ह्यातील नगरपालिकांचा असे दोन कायदे झाले, निवडणुकीचे तत्त्व आले. पण जिल्हा लोकल बोर्डाच्या खुर्चीवर पुढे कित्येक वर्षे कलेक्टरच बसत आणि तालुका बोर्डाच्या खुर्चीवर प्रांतसाहेब. साहेब समोर बसले असता त्यांच्या मताविरुद्ध हात वर करणारा पाटील किंवा खोत किती जणांनी पाहिला असेल, याची कल्पना करा. मतदानाचा हक्कही मालमत्ता आणि कर यांवर अवलंबून होता. रिपन यांनी शाळा उघडली आणि कलेक्टरांनी किल्ली आपल्या खिशात ठेवली, असे मी वर्गात सांगतो.

पण अडचण फक्त गोऱ्या अंमलदारांची नव्हती. आपल्या समाजापुढे एक वेगळा प्रश्न उभा राहिला आणि त्यावर प्रामाणिक मतभेद झाले. जानेवारी १८८३ मध्ये मध्य प्रांतांच्या स्थानिक स्वराज्याचे विधेयक व्हाइसरॉयांच्या कायदेमंडळात आले तेव्हा सर सय्यद अहमद खान बोलायला उभे राहिले. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. पण ज्या देशात अनेक धर्म आणि जाती आहेत तेथे केवळ बहुमताची निवडणूक ठेवली तर मोठा समाज लहान समाजाचे हितसंबंध झाकून टाकील, म्हणून एक तृतीयांश जागा सरकारने नेमणुकीने भरण्याची तरतूद योग्य आहे, असे ते म्हणाले. हे भाषण पुष्कळदा अर्धवट सांगितले जाते. काही जण त्यात फक्त दूरदृष्टी पाहतात, तर काही जण पुढच्या सगळ्या फुटीचे बीज. अलीगढचे कॉलेज उभे करताना ज्यांनी उभे आयुष्य खर्ची घातले त्यांची भीती खोटी होती असे मला म्हणवत नाही. त्यांचा उपाय बरोबर होता असेही म्हणवत नाही, कारण नेमणुकीची जागा शेवटी साहेबांच्या मर्जीची जागा असते.

दुसरी वाट मुंबईत निघाली. बद्रुद्दीन तय्यबजी हे मुंबईत बॅरिस्टरी करणारे पहिले हिंदी गृहस्थ. १८६७ पासून त्यांची वकिली सुरू झाली. १८७३ पासून ते मुंबईच्या महानगरपालिकेत होते. १८७४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन यांनी इतर सहकाऱ्यांसह अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली आणि १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. म्हणजे रिपन यांचा ठराव येण्यापूर्वीच हा मनुष्य एकीकडे पालिकेच्या सभागृहात आणि दुसरीकडे समाजाच्या शाळेत, अशा दोन्ही ठिकाणी पाय रोवून उभा होता. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्यांचे जिवलग सहकारी. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. मुंबईच्या सार्वजनिक जीवनात हे त्रिकूट त्या काळी गाजत होते.

रिपन यांनी फेब्रुवारी १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. तेलंग त्याचे सभासद होते. सर सय्यद यांचीही नेमणूक झाली होती. पुढे त्यांच्या जागी त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद आले. बद्रुद्दीन यांनी अंजुमनच्या वतीने आयोगापुढे मुंबईच्या मुसलमानांच्या शिक्षणाची स्थिती मांडली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्याच्या जोतीराव फुले यांनी साक्ष दिली. शेतकऱ्याच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, आणि बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी सांगितले. मराठी-इंग्रजीची गोडी नसल्यामुळे मुसलमानही या शाळांपासून दूर राहतात, याची नोंदही जोतीरावांच्या त्या साक्षीत आहे. १४० हून अधिक वर्षांपूर्वी फुल्यांना आपल्या मुलांचा विचार करावासा वाटला, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावे.

आयोगाने १८८३ मध्ये अहवाल दिला. त्यात मुसलमानांच्या शिक्षणाविषयी सतरा शिफारशी होत्या : शिष्यवृत्त्या, फी-माफीच्या जागा, प्राथमिक व मिडल शाळांत, समाजाला दुसरी भाषा हवी असेल ती ठिकाणे वगळता, हिंदुस्थानी भाषा माध्यम, शिक्षणकार्य करणाऱ्या मुसलमान संस्थांना मान्यता व उत्तेजन. या खास मदतीचा खर्च प्रांतिक, नगरपालिका आणि लोकल फंडांवर रास्तपणे टाकता येईल, असेही म्हटले होते. आणि सर्वांसाठी म्हणून मोठी शिफारस अशी की प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्याकडे सोपवावी. येथे दोन्ही धागे एकत्र येतात. शाळेचा पैसा बोर्डात ठरणार, तर बोर्डात आपला माणूस हवा.

याच सुमारास इल्बर्ट विधेयकाचे वादळ उठले. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांबाहेर युरोपियन आरोपीचा खटला हिंदी मॅजिस्ट्रेटपुढे चालत नसे, मग तो मॅजिस्ट्रेट कितीही वरिष्ठ असो. कायदामंत्री कोर्टनी इल्बर्ट यांनी फेब्रुवारी १८८३ मध्ये हा भेद काढून टाकणारे विधेयक आणले आणि मळेवाले, व्यापारी, वकील असे सगळे गोरे खवळून उठले. कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये हिंदी लोकांविरुद्ध अत्यंत अर्वाच्य भाषणे झाली. व्हाइसरॉयांना पळवून नेऊन बोटीत बसवून इंग्लंडला धाडण्याचा बेत शिजला होता, असेही त्या काळी बोलले जाई. सर सय्यद यांनी कायदेमंडळात विधेयकाच्या बाजूने भाषण केले. एप्रिल महिन्यात मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये बद्रुद्दीन, मेहता आणि तेलंग हे तिघेही विधेयकाच्या समर्थनार्थ बोलले. स्थानिक स्वराज्याच्या बाबतीत ज्यांची मते जुळली नाहीत ते सर सय्यद आणि बद्रुद्दीन न्यायाच्या समतेच्या बाबतीत एकाच बाजूला होते. हे पुस्तकातून सहसा सांगितले जात नाही.

शेवटी रिपन नमले. जानेवारी १८८४ मध्ये तडजोड झाली : युरोपियन आरोपीला ज्यूरी मागता येईल आणि त्यातले निम्मे लोक युरोपियन किंवा अमेरिकन असतील. समतेचे विधेयक विषमता ठेवूनच पास झाले. रिपन यांनी अधिक ताठ राहायला हवे होते, असे मला वाटते. पण गोऱ्यांनी संघटना काढून, निधी जमवून, सभा भरवून सरकारला माघार घ्यायला लावली, हा धडा हिंदी पुढाऱ्यांनी बिनफीचा घेतला. जानेवारी १८८५ मध्ये या त्रिकुटाने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले आणि राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्षपद बद्रुद्दीन यांच्याकडे आले.

सर सय्यद यांना हे रुचले नाही. १८८८ मध्ये दोघांत पत्रव्यवहार झाला. बद्रुद्दीन यांचे म्हणणे थोडक्यात असे : मतभेद असतील तर ते आत जाऊन मांडा. त्यांच्या आग्रहाने राष्ट्रीय सभेने त्या वर्षी नियम केला की मुसलमान प्रतिनिधी एकमुखाने किंवा जवळजवळ एकमुखाने ज्या विषयाला हरकत घेतील तो विषय चर्चेला घेऊ नये. नेमणुकीच्या खुर्चीपेक्षा ही तरतूद मला अधिक स्वाभिमानाची वाटते. तथापि बद्रुद्दीन यांचा मार्गही सोपा नव्हता. समाजातील विरोध पाहून त्याच वर्षी त्यांनी अधिवेशने निदान पाच वर्षे स्थगित ठेवावीत, असे ह्यूम यांना पत्राने सुचवले होते. थोर माणसेही थकतात.

रिपन डिसेंबर १८८४ मध्ये परत गेले. कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत वाटेत लोकांनी त्यांचे असे स्वागत केले की इंग्रज अधिकारी चपापले. या व्हाइसरॉयाने लढाई जिंकली नव्हती, मुलूख मिळवला नव्हता, त्याचे मुख्य विधेयकही मोडून पडले होते. मग हे लोक कशासाठी जमले?

रिपन यांचे नाव पुढे एकदा आपल्या लोकांच्या संदर्भात येते. १८९४ मध्ये ते इंग्लंडचे वसाहतमंत्री होते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आणले. पोरबंदरचे मुसलमान व्यापारी दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यासाठी गेलेले तरुण बॅरिस्टर गांधी तेथे होते. पंधरा दिवसांत दहा हजार सह्या जमवून त्यांनी रिपन यांच्याकडे अर्ज पाठवला. हिंदी लोकांना मतदान काय ते ठाऊक नाही, असा गोऱ्यांचा दावा होता. त्यावर गांधींचे उत्तर असे की हिंदुस्थानात ग्रामपंचायती पूर्वापार आहेत आणि नगरपालिकांतून लोक मत देतातच. लंडनने तो कायदा मंजूर केला नाही. पण नाताळ सरकार वस्ताद निघाले. १८९६ मध्ये त्याने वंशाचे नावही न घेता नवा कायदा केला : ज्या देशात पार्लमेंटरी मताधिकारावर आधारलेल्या संस्था नाहीत, तेथील लोकांना मत नाही. म्हणजे नगरपालिकेचे मत हे मतच नव्हे! रिपन यांच्या शाळेचा दाखला नाताळात चालला नाही.

घरी मात्र तो हळूहळू चालू लागला. गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. सक्ती लागू करण्याचा अधिकार त्यांनी नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांनाच ठेवला होता. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्ती करू देणारा कायदा झाला. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण आणि स्थानिक स्वराज्य ही दोन्ही खाती हिंदी मंत्र्यांकडे आली आणि १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवल्या गेल्या. त्याच काळात वल्लभभाई पटेल अहमदाबादच्या, जवाहरलाल नेहरू अलाहाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. कलकत्त्याला चित्तरंजन दास महापौर झाले तेव्हा उपमहापौर हुसेन शहीद सुऱ्हावर्दी होते. देशाचा कारभार हाती घेणाऱ्या कित्येकांनी आधी नळ, गटारे आणि मास्तरांचे पगार यांचे हिशेब तपासले होते.

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. १९९२ मध्ये झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी या संस्थांना आणि नगरपालिकांना राज्यघटनेचा आधार मिळाला. त्यात महिलांसाठी जागाही राखून ठेवल्या. आज अध्यक्षाच्या खुर्चीवर कलेक्टर बसत नाहीत.

आणि आमचे चाचा? दिल्लीचा अर्ज आम्ही फाडला. नवा अर्ज पंधरा पालकांच्या सह्यांनी जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीकडे गेला. पहिल्या सभेत विषय आलाच नाही. दुसऱ्या सभेच्या आधी चाचा आणि दोन माता सदस्यांच्या घरी जाऊन बसल्या. दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत नव्या बाई हजर झाल्या. सदस्यांचे नाव चाचांना आता पाठ आहे. ते त्यांच्याविषयी फारसे चांगले बोलत नाहीत, पण दर सभेची तारीख मात्र मला विचारून ठेवतात.